श्वासाच्या मशीनचं कार्ड उघडून बघावं का?

वाचकांचे प्रश्न : झोप आणि श्वास

मिरजेत झोपेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली. रात्रभर जागं राहून दुसऱ्याचा श्वास पडद्यावर बघत बसायचं, हेच काम. या महिन्यात सातारा-सांगलीकडून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विषय आहे : झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं जे सीपॅप मशीन असतं, त्याच्या आतल्या छोट्या कार्डावर जी माहिती साठते ती आपल्याला बघता येते का? म्हणून या वेळी तेवढ्यावरच लिहिते. गोळ्या, घोरणं आणि लहान मुलांच्या टॉन्सिलबद्दलची पत्रं पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालो, राहायला कोरेगावला. वय ६२. मागच्या वर्षी झोपेची तपासणी केली, तासाला ४२ वेळा श्वास अडकतो असं निघालं. रेसमेडचं एअरसेन्स १० ऑटोसेट मशीन घेतलं. रोज लावतो, कंटाळा करत नाही. घोरणं थांबलं, मंडळी खूश आहेत. सकाळी मशीनच्या पडद्यावर ‘मास्क’ या शब्दापुढे हसरा चेहरा दिसतो, एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडकण्याचा आकडा, ४ च्या आसपास असतो. डॉक्टर म्हणतात, पाचच्या आत आहे, उत्तम. पण दुपारी पेपर हातात घेतला की डोळा लागतो, आणि परवा रहिमतपूर रस्त्याला मोटारसायकलवर पेंग आली तेव्हा मी घाबरलो. मशीन देणाऱ्याला म्हटलं, आत सगळं साठतं म्हणतात, ते मला बघायचंय. तो म्हणाला, ते पेशंटसाठी नसतं, कार्डाला हात लावलात तर वॉरंटी जाईल. हे खरं का? आणि बघायला मिळालं तर मला समजेल का? मुलाचा लॅपटॉप घरी आहे.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : दादा, कार्डाचं नंतर, आधी मोटारसायकलचं बोलू. दिवसा पेंग येतेय तोवर गाडीला किक मारू नका. रहिमतपूरला जायचं तर एसटीने जा, नाहीतर मुलाला सोडायला सांगा. जन्मभर तुम्ही मागे चाळीस-पन्नास माणसं बसवून गाडी चालवलीत, चालकाचा डोळा लागला की काय होतं हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन करा. ‘मशीन रोज लावूनही दिवसा झोप येते’ हे वाक्य त्यांच्या कानावर जसंच्या तसं गेलं पाहिजे. आकडा चांगला आहे म्हणून तुम्ही गप्प राहिलात तर त्यांना कळणार कुठून?

आता कार्ड. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक आहे. तुमच्या मशीनबरोबर जी वापरायची पुस्तिका आली असेल ती काढून बघा. कार्ड कसं काढायचं आणि परत कसं बसवायचं हे तिच्यात छापलेलं आहे. वापरणाऱ्याने करायचं काम म्हणूनच ते तिथे आहे. त्या कार्डावर तुमच्या स्वतःच्या श्वासाची नोंद आहे आणि ती बघायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. याच संदर्भात आणखी एक सांगून ठेवते. झोपेच्या तपासणीचा पूर्ण अहवाल तुमच्याकडे नसेल तर तोही मागून घ्या. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ सालचे नियम आहेत, त्यांत रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांच्या आत द्यावीत असं स्पष्ट लिहिलंय. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

तुम्हाला पेंग का येते त्याचं उत्तर कार्डात असेलच असं मी म्हणत नाही. पण मशीनच्या पडद्यावर ते नक्कीच सापडणार नाही, कारण पडद्यावर फक्त सरासरी येते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला की ती एक घटना. रात्रभरातल्या सगळ्या घटनांना तासांनी भागलं की एएचआय. ५ च्या आत सर्वसाधारण, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तुमचे ४२ होते, ते ४ वर आले. हे मशीनने केलंय आणि ते मोठं काम आहे. पुढचं वाचून मशीन बंद ठेवायचा विचार चुकूनही मनात आणू नका.

पण समजा, मास्क साडेसहा तास होता आणि घटना झाल्या २६. भागाकार बरोबर ४ येतो. आता त्या २६ पैकी २० घटना पहाटे चार ते साडेपाच या दीड तासात झाल्या असतील, तर त्या वेळापुरता तुमचा एएचआय १३ च्या वर होता आणि उरलेले पाच तास सव्वाच्या आसपास. सातारा ते महाबळेश्वर गाडी सरासरी कितीने गेली यावरून केळघर घाटात काय झालं ते तुम्हाला कळेल का? पहाटेचा तो वेळ तसा घाटाचा असतो. स्वप्नं पडायची झोप, जिला आरईएम म्हणतात, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तिच्यात अंगाचे स्नायू सैल पडतात, घशाचेही पडतात. त्यात माणूस उताणा झोपला असेल तर जीभ मागे येते.

शिवाय मशीनला तुम्ही झोपलात की जागे आहात हे कळत नाही. मास्क लावून तासभर छताकडे बघत पडलात तरी तो तास भागाकारात धरला जातो आणि आकडा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. रक्तातला ऑक्सिजनही ते मोजत नाही, बोटाला वेगळं यंत्र जोडलं तरच मोजतं. प्रयोगशाळेत आम्ही डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून जे बघायचो आणि मशीन नुसत्या हवेच्या प्रवाहावरून जो अंदाज करतं, त्यांत फरक राहणारच.

तरीही त्या कार्डावर जे आहे त्याचं मला मोल वाटतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा नाकावाटे हवेचा दाब देऊन बघितला, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. १९८१ मध्ये त्यांनी पाच रुग्णांवरचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्या काळी कुणीतरी रात्रभर शेजारी बसून नोंद ठेवायची. आज तुमच्या उशाजवळचं मशीन हवेचा प्रवाह सेकंदाला २५ वेळा टिपतं. तुमचा एकेक श्वास, त्याचा चढ, त्याचा उतार, मास्कमधला दाब, गळती, श्वास कुठे थांबला, किती सेकंद थांबला, सगळं तारीखवार लिहून ठेवतं. हे तपशील फक्त कार्डावर जातात. मशीनच्या पोटात उरतो तो रोजचा गोषवारा. म्हणजे कार्ड नसेल तर त्या रात्रीचा आलेख नंतर कुठूनच मिळत नाही. म्हणून आजच बाजूचं छोटं झाकण उघडून आत कार्ड आहे ना, तेवढं बघा. पुष्कळांच्या मशीनमध्ये ते नसतंच. विकताना काढून ठेवलेलं असतं, नाहीतर कुणीतरी नेऊन परत दिलेलं नसतं. नसेल तर साधं ३२ जीबीपर्यंतचं एसडी कार्ड आणून घाला.

कार्ड सकाळी काढा, मशीन थांबल्यावर. कार्डाचा दिवा लुकलुकत असेल तर तो थांबेपर्यंत हात लावू नका. कार्ड आत दाबलं की बाहेर येतं. त्याच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो खाली सरकवला की कार्ड कुलूपबंद होतं, म्हणजे संगणकाला त्यावर काही लिहिता येत नाही. हे लॅपटॉपमध्ये घालण्याआधी करा, कारण काही संगणक न विचारता आपल्या लपलेल्या फाइली त्यावर टाकून ठेवतात आणि मग मशीन कार्डाबद्दल तक्रार करतं. परत मशीनमध्ये घालताना खटका उघडायचा. विसरलात तर कार्ड फक्त वाचता येतं, ते काढून उघडा, असा निरोप पडद्यावर येतो. घाबरायचं कारण नाही. लॅपटॉपने ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. लॅपटॉपला कार्डाची खाच नसेल तर यूएसबीला लागणारा कार्ड रीडर साताऱ्यात मोबाइलच्या दुकानात मिळेल.

कार्डावर ‘डेटालॉग’ नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात तारखांच्या फाइली. त्यांवर टिचकी मारून काही उघडणार नाही. त्या ईडीएफ प्रकारच्या आहेत. झोपेच्या नोंदी एका प्रयोगशाळेतून दुसरीत नेता याव्यात म्हणून १९९२ मध्ये युरोपातल्या लोकांनी हा प्रकार ठरवला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणूनच कंपनीबाहेरच्या माणसांनाही तो वाचणारी साधनं बनवता आली. त्यांतलं ‘ऑस्कर’ तुमच्या कामाचं. मार्क वॉटकिन्स यांनी ‘स्लीपीहेड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. २०१९ मध्ये त्यांनी तो थांबवल्यावर स्वयंसेवकांनी त्यावरूनच ऑस्कर पुढे नेला. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, आणि तुमची माहिती तुमच्याच लॅपटॉपमध्ये राहते. मुलाला स्लीपफाइल्स डॉट कॉमवरून घ्यायला सांगा, भलत्या ठिकाणाहून नको. आधी सगळं कार्ड लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा, मग ऑस्करमध्ये ‘इम्पोर्ट’ करा. एक गोष्ट ध्यानात असू द्या : मशीनचा दिवस दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा असतो. सोमवारी रात्री झोपलात तर मंगळवारची पहाटही सोमवारच्याच तारखेखाली सापडेल.

पडद्यावर एकाखाली एक आलेख येतील. शब्द इंग्रजी आहेत पण मोजकेच आहेत. मी स्वतः कुणाचीही रात्र बघताना आधी गळतीची रेघ बघते. ती बिघडलेली असेल तर बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. मास्कमधून हवा बाहेर पडायला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, तुमच्या मशीनच्या आलेखात ती हवा आधीच वजा केलेली असते. त्यामुळे रेघ शून्याजवळ असली पाहिजे. मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती मोठी गळती, आणि ती बराच वेळ टिकली तर मशीनला श्वास नीट वाचताच येत नाही. हसरा चेहरा एकूण रात्रीबद्दल सांगतो, पहाटेचा पाऊण तास त्यात झाकला जाऊ शकतो. तुम्हाला मिशा आहेत का? आपल्याकडे असतातच, म्हणून विचारते. मास्कची नाकाखाली टेकणारी रबरी उशी मिशांवर बसत नाही, तिथून हवा सुटते. झोपताना डोक्याला खोबरेल किंवा कपाळाला बाम लावत असाल तर तोही मास्कच्या रबराला लागतो आणि मास्क घसरतो. रबर रोज साध्या साबणाने धुवा. पट्टे आवळून काही साधत नाही, उलट जास्त आवळलं की रबर दुमडतं आणि गळती वाढते. रात्री कवळी काढत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, गाल आत गेल्यावर मास्कचं माप बदलतं. नाकाचा मास्क असून तोंड उघडं पडत असेल तर रेघ टेकडीसारखी वर-खाली होत राहते आणि सकाळी घसा कोरडा असतो.

त्यानंतर घटनांची पट्टी. प्रत्येक घटनेची एक उभी रेघ असते. त्या रात्रभर विखुरलेल्या आहेत की एका ठिकाणी दाटल्या आहेत? दाटल्या असतील तर वेळ टिपून ठेवा. एकदम दहा-पंधरा अडथळे एकापाठोपाठ एक आणि दाब वाढूनही थांबत नाहीत असं दिसलं, तर पुष्कळदा हनुवटी छातीकडे वळलेली असते आणि कारण असतं जाड उशी. आपल्याकडे एकावर एक दोन उश्या घ्यायची सवय आहे. एक काढून बघा, ते तुमच्या हातातलं आहे आणि त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

आता एका घटनेवर जाऊन आलेख मोठा करा. श्वासाच्या लाटा एकसारख्या चालल्या आहेत, मग रेघ सपाट होते, आणि मग दोन-चार मोठे श्वास. हे पहिल्यांदा बघताना माणूस गलबलतो. किती जणांना मी स्वतःच्या रात्रीकडे बघून गप्प होताना पाहिलंय. पण सपाट रेघ दोन कारणांनी येते. घसा मिटला म्हणून, किंवा घसा मोकळा आहे पण मेंदूने श्वास घ्यायचा निरोपच दिला नाही म्हणून. हे ओळखायला मशीन थांबलेल्या श्वासावर हवेचे बारीक झटके सोडून बघतं, वाट उघडी आहे की बंद. बंद असेल तर ऑब्स्ट्रक्टिव्ह, उघडी असेल तर क्लिअर एअरवे असं लिहितं. आणि इथेच मी हात जोडून सांगते, दादा : दाब स्वतः बदलू नका. पहिल्या प्रकाराला दाब वाढवून उपयोग होतो. दुसऱ्याला होत नाही, कधी कधी उलट वाढतो. दुसऱ्या प्रकाराच्या घटना नव्याने मशीन लावल्यावर काही जणांत दिसतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. पण हृदय कमजोर असलेल्या माणसातही त्या दिसतात आणि तिथे विचार वेगळा करावा लागतो. दाबाच्या सेटिंगचा मेन्यू कसा उघडायचा हे सांगणारे भेटतील. मला तो उघडता येतो, तरी मी कुणाच्याही मशीनचा दाब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदललेला नाही.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बघावंसं वाटतं ते ‘फ्लो लिमिटेशन’. निरोगी श्वासाची लाट माथ्यावर गोल असते. घसा अर्धवट आवळला की माथा चपटा होतो. श्वास थांबत नाही, म्हणून ती घटना धरली जात नाही आणि एएचआयमध्ये येत नाही. पण छातीला ओढ लागते, मेंदू क्षणभर जागा होतो, आणि रात्रभर असं चाललं तर सकाळी माणूस थकलेलाच उठतो. आकडा ४, हसरा चेहरा आणि तरीही दुपारी पेंग, यामागे हे कारण असू शकतं. बघा आणि डॉक्टरांना दाखवा. काही नोंदी खोट्याही असतात. कूस बदलताना, खोकताना, जागेपणी श्वास रोखला तरी मशीन घटना लिहितं, म्हणून एका रात्रीवरून काही ठरवू नका.

ऑस्करमध्ये एफ१२ दाबलं की पडद्याचं चित्र जतन होतं. एक बरी गेलेली रात्र आणि दोन वाईट रात्री, अशी चित्रं छापून घ्या. शेजारी हाताने लिहा : कधी झोपलो, कितीदा उठलो, दुसऱ्या दिवशी पेंग आली का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी, थायरॉइडने, नुसत्या कमी झोपेनेही पेंग येते, आणि ते कार्डावर कुठेच लिहिलेलं नसतं. हा कागद समोर ठेवला तर डॉक्टर पाच मिनिटांत तुमच्या रात्रीपर्यंत पोचतील.

प्रश्न : वडील विट्याला एकटे असतात, मी पुण्यात नोकरीला. त्यांचंही रेसमेडचंच मशीन आहे. फोनवर विचारलं की ‘सगळं छान आहे’ एवढंच म्हणतात. त्यांना संगणक येत नाही. मला त्यांचा डेटा इथे बसून बघता येईल का?
— एक वाचक, पुणे (मूळ विटा)

उत्तर : येईल, आणि एकदा घडी बसली की वडिलांना त्रासही होत नाही. पुढच्या वेळी विट्याला जाल तेव्हा सगळं कार्ड तुमच्या लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि ऑस्करमध्ये त्यांच्या नावाचं खातं उघडा. नंतर दर महिन्याला शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून कार्डाची प्रत मागवता येते. एका रात्रीचा तपशील काही एमबीचा असतो, ईमेलला जड वाटला तर ड्राइव्हवर टाकायला सांगा. फक्त त्याला एक बजावून सांगा : नुसतं ‘डेटालॉग’ पाठवू नको. कार्डावर बाहेरच एसटीआर नावाची ईडीएफ फाइल आणि मशीनची ओळख सांगणारी ‘आयडेंटिफिकेशन’ नावाची फाइल असते. त्या नसतील तर ऑस्करला ते मशीन ओळखता येत नाही आणि तुम्ही पुण्यात कोऱ्या पडद्याकडे बघत बसाल. सगळं कार्ड जसंच्या तसं, एकत्र झिप करून पाठवायचं. आणि संगणकात घालण्याआधी कार्डाचा खटका, वर सांगितलाय तसा, बंद करायला सांगा.

ज्यांच्या मशीनला कंपनीचं मायएअर अ‍ॅप जोडलेलं आहे ते शंभरातले गुण बघून निश्चिंत होतात. त्या शंभरातले ७० नुसत्या वापराच्या तासांचे असतात, २० मास्क नीट बसल्याचे, ५ घटनांचे आणि ५ मास्क किती वेळा काढला त्याचे. रोज मशीन लावायची सवय लागावी यासाठी ते गुण चांगले आहेत. श्वास किती अडला याला त्यात फक्त ५ गुण आहेत हे ध्यानात ठेवा.

आणखी एक, हे तुम्हाला आवडणार नाही कदाचित. बघण्याआधी वडिलांना विचारा. रात्री किती वाजता झोपले, कितीदा उठले, कुठल्या रात्री मशीन लावलंच नाही, हे सगळं त्यात दिसतं. मुलांनी ते बघावं की नाही हे त्यांनी ठरवायचं. माझा अनुभव असा की विचारलं तर ते बहुधा हो म्हणतात, आणि मग ‘छान आहे’च्या पुढेही काही सांगायला लागतात. फोन करून ‘काल फक्त तीनच तास का?’ असं मात्र धरू नका. महिन्यातून एकदा बसा, दोघांनी मिळून बघा. आलेखाची चित्रं कुठल्या गटात टाकायची झाली तर नाव आणि मशीनचा क्रमांक आधी झाका.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाइट जाते. मशीन बंद पडतं. कार्डावरचं सगळं पुसलं जातं का? यूपीएस नाही.
— एक वाचक, पाटण

उत्तर : आधीच्या रात्री जशाच्या तशा राहतात. लाइट आल्यावर मशीन चालू केलं की नवी नोंद सुरू होते, आलेखात मधे मोकळी जागा दिसते एवढंच. वारंवार जात असेल तर ती मोकळी जागा डॉक्टरांना दाखवा, बॅटरीची गरज सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. मात्र लाइट गेल्यावर मास्क तोंडावर ठेवून पडून राहू नका. मशीन बंद असताना आतली हवा बदलत नाही. तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला त्यासाठी झडप असते, तरीही काढाच.

प्रश्न : कराडला एकांच्या घरी त्यांच्या दिवंगत नातेवाइकाचं सीपॅप मशीन पडून आहे. कमी किमतीत देतो म्हणतात. नव्याची किंमत मला झेपत नाही. घ्यावं का?
— एक वाचक, मलकापूर

उत्तर : किंमत न झेपणं म्हणजे काय हे मी नोकरीत रोज बघितलंय, त्यामुळे सरळ ‘घेऊ नका’ म्हणून मोकळी होणार नाही. पण आधी खालची चौकशी करा.

मशीनचं नाव, मॉडेल आणि क्रमांक कागदावर लिहून घ्या. जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आपली बरीच सीपॅप आणि त्याच जातीची बायपॅप मशीनं परत बोलावली होती. आवाज कमी करायला आत जो फोम बसवला होता तो झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. घरात पडून असलेलं मशीन त्यांपैकी असू शकतं. क्रमांक देऊन कंपनीकडे विचारल्याशिवाय ते तोंडाला लावू नका. मशीन किती तास चाललंय हेही आत दिसतं, ते दाखवायला सांगा. ‘थोडंच वापरलंय’ या शब्दावर जाऊ नका.

मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्या. पाण्याचं भांडंही शक्यतो नवं. दाब त्या माणसासाठी ठरवलेला होता, तुमचा वेगळा असणार, म्हणून झोपेच्या तपासणीचा अहवाल आणि चिठ्ठी घेऊन दाब डॉक्टरांकडून लावून घ्या. चिठ्ठी नसेल तर पहिला खर्च तपासणीवर करा, मशीन नंतर.

आणि कार्ड. त्यावर त्या गेलेल्या माणसाच्या रात्री आहेत. पुसण्याआधी घरच्यांना सांगा, हवं असेल तर त्यांना ते परत द्या. आपल्या माणसाची नोंद जपून ठेवावी असं कुणाला वाटू शकतं. तुमच्यासाठी नवं कार्ड घ्या. मशीनच्या पोटात उरलेली जुनी माहितीही डॉक्टरांच्या मेन्यूतून पुसता येते, दाब लावून घ्यायला जाल तेव्हाच ते करायला सांगा. नाहीतर पहिल्या भेटीत त्या गेलेल्या माणसाचे आणि तुमचे आकडे एकत्र होतील आणि डॉक्टर दुसऱ्याच माणसाचा श्वास तुमचा समजून वाचतील. हे सगळं होईपर्यंत फार तर इसार द्या, पूर्ण पैसे देऊ नका.